लिलावातली थ्री नॉट थ्री आणि ज्वारीतलं डुक्कर

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. त्याआधी तो गावाच्या ग्रुपवर येऊन गेला होता, डेअरीच्या ग्रुपवरही. मजकूर असा: "लष्कराने जुन्या थ्री नॉट थ्री रायफली मोडीत काढल्या असून शेतकऱ्यांना त्या लिलावात स्वस्तात मिळतात. पीक संरक्षणाचा परवाना पुरेसा आहे. रानडुक्कर आणि हरीण उपद्रवी जाहीर झाल्याने मारायला कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेत शेतकरी अशाच लष्करी रायफलींनी शिकार करतात. लष्करी गोळी म्हणजे एका गोळीत काम. आपल्या रानात आपणच राजे. पुढे पाठवा."

तासाभरात चुलतभावाचा फोन. "दादा, ह्यो फॉर्म कुठं मिळतोय?"

त्याला हसणार नाही. आमची जमीन उत्तर सोलापुरात, नान्नजच्या अलीकडे. हुरड्याच्या दिवसांत काळविटांचा कळप ज्वारीत शिरतो आणि उसात डुकरं घुसली की सकाळी सऱ्या नांगरल्यासारख्या दिसतात. माळ्यावर बसून गोफण फिरवण्याचे, डबे बडवण्याचे, बुजगावण्याला जुना सदरा घालण्याचे सगळे उपाय करून झालेत. माणूस वैतागला की असा मेसेज त्याला खरा वाटतो. म्हणून भावाला फोनवर जे सांगितलं, तेच सविस्तर लिहितो.

लिलावापासून सुरुवात करू. लष्कराच्या निकामी सामानाचा लिलाव होतो, हे खरं. जुन्या जीपा, ट्रक त्यात मिळतात. पण रायफली मांडून शेतकऱ्याला बोली लावायला कुणी बोलावत नाही. ही अफवा आली कुठून, याचा माझा एक अंदाज आहे. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना काही हत्यारं ठरावीक नियमांखाली जबलपूरच्या केंद्रीय आयुध डेपोतून विकत घेता येत. ही सोय त्यांच्यापुरतीच. त्यात २६ जानेवारी २०२० ला उत्तर प्रदेश पोलिसांनी संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला, त्याचे फोटो देशभर फिरले. "मोडीत काढल्या" या शब्दांना "मग विकत असतील" हे शेपूट लोकांनी लावलं.

पण समजा, उद्या कुणी ती रायफल फुकट दारात आणून ठेवली, तरी ठेवून घेता येणार नाही. शस्त्र नियमांत .३०३ (म्हणजेच थ्री नॉट थ्री) आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे नळीच्या तेवढ्या व्यासाच्या, बोल्ट किंवा सेमी-ऑटोमॅटिक रायफली निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, कारण त्यांत फौजेचं काडतूस चालतं. तिचा परवाना जिल्हाधिकारी कचेरीत मिळत नाही, तो दिल्लीचा विषय. विनापरवाना निषिद्ध हत्यार जवळ सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल १४.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार, "अहो, आमच्या मामांकडं आहे की तसलीच रायफल, परवान्याची!" असेल. ती बहुधा .३१५ असणार. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारी ही बंदूक थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण वाटते. बोल्ट तसाच, बांधा तोच. पण काडतूस वेगळं, आणि ते मुद्दाम वेगळं. सरकारी गोळी खाजगी बंदुकीत बसू नये, ही इंग्रजांची काळजी होती. स्वतंत्र भारताने ती जशीच्या तशी सांभाळली.

राहिला पीक संरक्षणाचा परवाना. तो कायद्यात खरोखरच आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम १३. मात्र त्यात शब्द आहेत ठासणीच्या बंदुकीचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची ती. ठासणीची पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी बिनआट्यांची बंदूक, म्हणजे नळीच्या आत पीळ नसलेली, आपली छर्ऱ्यांची बारा बोअर. आट्याच्या नळीची रायफल या परवान्यात कुठेच बसत नाही. कायदा करणाऱ्यांनी हे आळसाने लिहिलेलं नाही. त्याचं कारण गोळीच्या मुद्द्यात येईल.

आता "उपद्रवी". वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकडं अशा अधिसूचना निघाल्या होत्या. काही जिल्हे, एक वर्ष. मेसेज लिहिणाऱ्याने बिहारची जुनी बातमी उचलून सोलापूरला चिकटवलेली दिसते. आपल्याकडचा रस्ता कलम ११ चा आहे. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे, उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकृत वन अधिकारी लेखी आदेशाने मारायची परवानगी देऊ शकतो. लेखी, आणि आधी. डुक्कर मारून मग अर्ज लिहायचा नाही.

हरणाचं तर नावच काढू नका. आपण ज्याला हरीण म्हणतो तो काळवीट, पहिल्या अनुसूचीतला, वाघाच्या रांगेतला. चिंकाराही तिथेच. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देतो. ज्वारी खाल्ली हे कारण तिथे चालत नाही. शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि किमान २५ हजार दंड. शेतकऱ्यावर हा अन्याय वाटतो का? मला कधीकधी वाटतो, खोटं कशाला बोलू. पण अन्याय वाटणं वेगळं आणि कायदा बदललाय असं खोटंच पसरवणं वेगळं.

अमेरिकेचा मुद्दा अर्धा खरा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जर्मन माउझर, अमेरिकन स्प्रिंगफील्ड, ब्रिटिश एनफिल्ड अशा लष्करी रायफली पोत्याने आल्या आणि टपालाने घरपोच मिळू लागल्या. १९६८ च्या कायद्याने ती टपालविक्री थांबली. हजारो शिकाऱ्यांनी त्यांचे दस्ते कापून, वजन कमी करून त्या रानात वापरल्या, आजही वापरतात. पण तिथला शिकारी हंगामाचा परवाना काढतो आणि त्या रायफलीत शिकारीचं मऊ टोकाचं काडतूस घालतो. पूर्ण कवचाच्या लष्करी गोळीने हरीण मारायला तिथल्या अनेक राज्यांत बंदी आहे. म्हणजे मेसेजमध्ये जी गोळी मिरवली आहे, तीच ज्यांचा दाखला दिलाय त्यांच्याकडे चालत नाही.

का चालत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. कवायतीला थ्री नॉट थ्री असायची, जवळपास चार किलोची. तासभर खांद्यावर घेतली की दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना हात दुखायचा. त्या रायफलींवर डीपी अशी अक्षरं होती: ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. गोळी झाडायला नालायक ठरवलेल्या. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बाहेरून चकाचक दिसणाऱ्या शंभर वर्षांच्या रायफलीचा बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असू शकतो, आणि काडतुसामागे बोल्ट नीट बसला नाही तर पहिला बळी डुकराचा जाईलच असं नाही.

असो, गोळी. थ्री नॉट थ्रीची लष्करी गोळी साधारण ११ ग्रॅमची, नळीतून सुटताना सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाची. तिच्यावर धातूचं पूर्ण कवच असतं, त्याला कारण १८९९ चा हेगचा जाहीरनामा. त्याआधी इंग्रजांनी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात टोकाशी उघडी गोळी बनवली होती, ती शरीरात फुलायची आणि मोठी जखम करायची. युद्धात अशी गोळी नको, असं हेगला ठरलं. तेव्हापासून फौजेच्या गोळीकडून अपेक्षा एवढीच, की समोरचा सैनिक लढाईतून बाद व्हावा. शिकारीत गरज नेमकी उलटी. जनावर जागच्या जागी, कमीत कमी वेदनेने पडायला हवं, म्हणून शिकारीची गोळी फुलणारी. कवचाची गोळी कधी आत कोलांटी घेते, तर कधी दाभणासारखी आरपार जाते. आरपार गेली तर डुक्कर पडत नाही, उसात घुसतं. आणि जखमी डुक्कर ज्या उसात बसलंय, त्यात सकाळी कोयता घेऊन कोण शिरणार? तोडणीला आलेली माणसं.

आरपार गेलेली ती गोळी पुढे कुठे जाते, हा प्रश्न तर मेसेजवाल्याला पडलेलाच नाही. बारा बोअरचे छर्रे काहीशे मीटरवर दम सोडतात. थ्री नॉट थ्रीची गोळी, नळी थोडी वर असली तर, दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. आपला माळ ताटासारखा सपाट. ना डोंगर, ना दाट झाडी. रात्री बॅटरीच्या उजेडात ज्वारी हलली म्हणून तुम्ही झाडली, तर तुमच्या रेषेत पलीकडची वस्ती आहे, मेंढरं बसवून झोपलेला धनगर आहे, ऊसतोड्यांच्या कोपी आहेत, शेजारच्या माळ्यावर राखणीला बसलेला तुमचाच पुतण्या आहे. खाली मारली तर मुरमाड जमिनीवरून, दगडावरून उसळी घेऊन कुठेही जाईल. पीक संरक्षणाला ठासणीची बंदूक नेमून देणाऱ्यांनी हाच विचार केला असणार.

शेवटचं, "आपल्या रानात आपणच राजे". नान्नजच्या भवताली राहणाऱ्यांनी तर हे वाक्य विसरावंच. इथे १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे. एकेकाळी कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, आता सुमारे १,२२२. अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला लेखी परवानगी लागते. शिवाय अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपली नोंद करावी लागते, आणि त्या टापूत नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. म्हणजे मेसेजमधला "पुरेसा" परवाना आमच्या गावाला इतरांपेक्षा एक पायरी जास्तच अवघड आहे.

भावाला मी काय करायला सांगितलं? नुकसान दिसताच फोटो काढ, वनविभागाकडे अर्ज दे, वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांचा पंचनामा करून घे. भरपाई तोकडी असते आणि खेटे घालावे लागतात, हे मलाही माहीत आहे. डुकरांचा त्रास फारच असेल तर कलम ११ च्या परवानगीसाठी वेगळा अर्ज. आणि कुंपणात थेट वीज सोडायची नाही, गावठी बॉम्ब ठेवायचे नाहीत.

सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं, परवानगी काढून मारलं, तर वाटे तरी करता येतील का?" तेही सांगितलं: वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे परवानगीने मारलेला प्राणी राज्य सरकारच्या मालकीचा. एक किलोही घरी न्यायचं नाही.

"मंग काय उपयोग," म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळी ग्रुपवर बघितलं तर त्याने मेसेज काढून टाकला होता. दुधाच्या ग्रुपवर मात्र तो अजून फिरतोय.