फ्रँकफर्ट ते पॅरिस गाडीने? हा हिशेब सीमेपर्यंतच जुळतो

जर्मनीत नोकरीला आलेल्या मराठी मंडळींच्या गटांत एक सल्ला कायम फिरत असतो. थोडक्यात असा: "फ्रँकफर्टहून पॅरिस, झुरिक, ब्रसेल्सला क्लायंटकडे जायचं असेल तर रेल्वेच्या नादी लागू नका, सरळ गाडी काढा. युरोपात सीमा राहिल्यात कुठे? रस्ते फुकट, वेगाला मर्यादा नाही, कंपनीला स्वस्त पडतं, आणि इथली रेल्वे कधी वेळेवर आलीय? मुंबई-पुण्यासारखं सकाळी निघायचं, काम उरकून रात्री घरी." खाली अंगठ्यांची रांग लागते आणि नुकताच आलेला एखादा गडी भाड्याची गाडी बुक करून मोकळा होतो.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य जर्मनीच्या आत थोडंफार खरं आहे. घोडं पेंड खातं ते सीमेवर. म्युनिक-स्टुटगार्टला लागू पडणारं गणित उचलून पॅरिसला चिकटवलंय, आणि गाडीचे जे फायदे मोजलेत ते सीमा ओलांडली की एकेक करून गळतात.

पहिला मुद्दा सीमेचाच. 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. ऑस्ट्रियाच्या बाजूला तर ती 2015 पासूनच आहे. फ्रँकफर्ट-पॅरिस रस्ता झारब्र्युकनजवळ गोल्डन ब्रेमला सीमा ओलांडतो. जाताना सहसा कोणी हटकत नाही. परतताना पोलिसांनी मार्गिका आवळलेल्या असल्या की मागे रांग लागते, आणि ती किती लांब असेल हे तिथे पोचेपर्यंत कळत नाही. रेल्वेतही पोलीस चढतात, कधी गाडी खोळंबतेही. पण बहुतेकदा ते डब्यातून पुढे सरकतात, तुम्ही कागद दाखवता आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळता. कसेही जा, जर्मनीचं राहण्याचं कार्ड एकटं पुरत नाही. भारतीय पासपोर्ट सोबत लागतोच, आणि तो घरच्या कपाटात ठेवून निघणारे कमी नाहीत.

"रस्ते फुकट." जर्मनीत आहेत, कबूल. इथेही मोटारींवर टोल आणायचं घाटत होतं. युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये तो बेत हाणून पाडला. पण फ्रान्सच्या महामार्गावर नाक्याची पावती तुमचीच वाट बघत असते. सीमेपासून पॅरिसपर्यंत एका बाजूचे तिसेक युरो सहज जातात, येताना तेवढेच. स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी 40 फ्रँकचं व्हिन्येट, म्हणजे काचेवर लावायचं टोलचं स्टिकर, आणि ते फक्त वर्षाचंच मिळतं. एका दिवसाच्या मीटिंगला गेलात तरी अख्ख्या वर्षाचे पैसे. ऑगस्ट 2023 पासून ते इलेक्ट्रॉनिकही मिळतं, पण ते गाडीच्या नंबराला जोडलेलं असतं. म्हणजे आज भाड्याच्या एका गाडीवर घेतलं आणि पुढच्या महिन्यात दुसरी गाडी मिळाली, की पुन्हा 40. न घेता सापडलात तर दंड 200 फ्रँक, आणि वर व्हिन्येट घ्यावं लागतं ते वेगळंच.

बेल्जियममध्ये मोटारीला टोल नाही, म्हणून ब्रसेल्सला जाणारे खूश असतात. पण ब्रसेल्स शहर कमी प्रदूषणाचा विभाग आहे. जर्मन नंबरची गाडी तिथे नेण्याआधी ऑनलाइन नोंदवावी लागते. गाडी अगदी नवी, इंजिन स्वच्छ असलं तरी. नोंदणी फुकट आहे, म्हणूनच लोक विसरतात. नाक्यावर कोणी अडवत नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि पत्र काही आठवड्यांनी येतं.

वेगाबद्दल फार बोलायला नको. वेग सुटा आहे तो फक्त ऑटोबानच्या, म्हणजे जर्मन महामार्गांच्या, काही पट्ट्यांवर. फ्रान्समध्ये 130, पावसात 110. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये 120. नेदरलँड्समध्ये मार्च 2020 पासून सकाळी 6 ते संध्याकाळी 7 फक्त 100, म्हणजे नेमक्या मीटिंगच्या वेळेत. "परदेशातला दंड कोण वसूल करतंय" हा जुना दिलासाही आता कामाचा नाही: 70 युरोपासून पुढचे दंड युरोपीय संघातले देश एकमेकांसाठी वसूल करू शकतात, आणि मे 2024 पासून जर्मनी-स्वित्झर्लंड यांच्यातही तशीच सोय झाली आहे.

इथे नव्याने आलेल्यांसाठी एक आडवी गोष्ट, कारण सल्ला त्यांच्यापर्यंतच सगळ्यात लवकर पोचतो. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून साधारण सहा महिनेच चालतं. त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सातव्या महिन्यात पुण्याच्या लायसन्सवर ऑटोबानवर सापडलात तर ती नुसती दंडाची पावती नसते, गुन्हा असतो. आणि अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, तो प्रश्न वेगळाच.

आता पैसे. सल्ला देणारा फक्त पेट्रोल मोजतो: जाऊन-येऊन साधारण 1150 किलोमीटर, सत्तर-ऐंशी लिटर, झालं. पण स्वतःची गाडी कामाला वापरली तर जर्मनीत कंपन्या सहसा किलोमीटरला 30 सेंट देतात, कारण करखातं तेवढे मान्य करतं. 1150 गुणिले 0.30 म्हणजे 345 युरो. टोल धरला की 400 च्या वर, आणि पॅरिसचं पार्किंग अजून मोजलेलंच नाही. ऑक्टोबर 2024 पासून पॅरिसच्या मध्यभागी बाहेरून आलेल्या वजनदार गाडीला रस्त्यावर उभं राहायचे तासाला 18 युरो पडतात. भाड्याच्या छोट्या गाडीऐवजी ऐसपैस एसयूव्ही फुकटात 'अपग्रेड' मिळाली म्हणून हरखलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

रेल्वेचं तिकीट याहून नेहमीच स्वस्त असतं, असं मी म्हणणार नाही. दोन महिने आधी काढलं तर मोटारीच्या खर्चाच्या जवळपासही येत नाही इतकं स्वस्त; आदल्या संध्याकाळी काढलं तर डोळे पांढरे होतात. स्वस्त तिकीट ठरलेल्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, आणि मीटिंग लांबली की तेच अंगाशी येतं. पण हा मुद्दा तिकीट केव्हा काढलं याचा झाला. आणि एका मोटारीत चौघं जात असतील तर पैशाच्या बाजूने मोटारच जिंकते, यात शंका नाही.

खरी गंमत "काम उरकून रात्री घरी" या वाक्यात आहे. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर. फ्रँकफर्ट-पॅरिस पावणेसहाशेच्या आसपास. न थांबता साडेपाच ते सहा तास, आणि शेवटचा तुकडा पॅरिसच्या पेरिफेरिकवर, म्हणजे शहराभोवतीच्या रिंगरोडवर, जिथे ऑक्टोबर 2024 पासून मर्यादा 50 आहे आणि सकाळी तेवढाही वेग मिळाला तर नशीब. जाऊन-येऊन अकरा-बारा तास हातात स्टिअरिंग, मध्ये चार तासांची मीटिंग. जर्मन कायद्यात दिवसाचं काम आठ तासांचं, फार तर दहा. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत अकरा तासांची विश्रांती सक्तीची. आणि कंपनीच्या सांगण्यावरून स्वतः गाडी चालवणं हे काम धरलं जातं. म्हणजे हा प्रवास एका दिवसात करा असं कुठल्याही मॅनेजरने सांगितलं, तर जाणारा माणूस मीटिंग सुरू व्हायच्या आधीच दिवसाचे निम्म्याहून जास्त तास संपवून बसलेला असतो. रेल्वेत बसून वाचता, झोपता येत असेल तर तो वेळ या दहा तासांच्या मर्यादेत सहसा धरत नाहीत. (त्याचा पगार मिळतो का, हा वेगळा विषय, आणि तोही भांडण्यासारखा.) मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं. मनुष्यबळ खात्याला ठाऊक असतं. रात्री अकराला कुठल्या तरी ट्रकच्या मागे डुलकी लागली, की सगळ्यांनाच कळतं.

रेल्वेने हाच प्रवास जेमतेम चार तासांचा आहे. 2007 मध्ये पूर्व फ्रान्सची वेगवान लाइन सुरू झाली तेव्हापासून फ्रँकफर्टहून थेट गाड्या पॅरिसला जातात आणि फ्रान्समध्ये शिरल्यावर ताशी 320 पर्यंत पळतात. ऑटोबानवर 200 चा फोटो काढून टाकणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. दिवसाला गाड्या हातावर मोजण्याइतक्याच, त्यामुळे पहाटेची धरावी लागते. उतरता ते गार द लेस्त स्टेशनला, म्हणजे शहराच्या आत. क्लायंट ला देफाँसला, म्हणजे पॅरिसच्या कचेऱ्यांच्या भागात असेल, आणि बऱ्याच जणांचा असतो, तर पाच-दहा मिनिटं चालत माजेंता स्टेशन गाठायचं. तिथून मे 2024 मध्ये वाढवलेली आरईआर ई ही लोकलची लाइन पंधरा-वीस मिनिटांत थेट ला देफाँसला नेते. त्याच वेळेला गाडीवाला पेरिफेरिकवर ब्रेक आणि क्लच करत असतो, नाहीतर जमिनीखालच्या चौथ्या मजल्यावर पार्किंगची जागा शोधत. वाटेत सादरीकरणाच्या स्लाइड्स सुधारता येतात हे सगळे सांगतात. मला तर नुसतं डोळे मिटून बसता येतं हेच जास्त मोलाचं वाटतं. गोपनीय फोन मात्र रेल्वेत करता येत नाहीत, निदान करू नयेत. समोरच्या बाकावर तुमचा स्पर्धक नसेलच असं नाही.

उरला उशीर. इथे सल्ला देणाऱ्याच्या हातात हुकमाचा पत्ता आहे. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. रद्द झालेल्या गाड्या तर या आकड्यात येतच नाहीत. याची वकिली कोणी करू नये. झुरिकच्या बाजूला तर स्विस लोकांनी यावर सरळ तोडगा काढलाय: उशिराने आलेली जर्मन गाडी ते सीमेवरच्या बाझेललाच संपवतात, आपलं वेळापत्रक बिघडवून घेत नाहीत. डबाभर माणसं बॅगा ओढत खाली उतरतात, जर्मन रेल्वेला दोन शब्द ऐकवतात आणि झुरिकच्या स्विस गाडीत जाऊन बसतात. ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मिळते. चिडचिड होते, पण मीटिंग बुडत नाही. बुडते ती, जर तुम्ही बरोबर वेळेवर पोचणारी शेवटचीच गाडी धरली असेल तर. एक आधीची गाडी, आणि जर्मनीच्या आत शक्यतो गाडी बदलायची नाही, एवढं पाळलं तर हा पत्ता बराच हलका होतो.

शिवाय रेल्वेचा उशीर मोजला जातो म्हणून दिसतो. ऑटोबानची टक्केवारी कोणी छापत नाही. फ्रँकफर्ट-डॉर्टमुंडच्या ए45 वरचा राहमेडेचा पूल डिसेंबर 2021 मध्ये एकाएकी बंद झाला, मे 2023 मध्ये सुरुंग लावून पाडला, आणि तोपर्यंत व त्यानंतरही त्या वाटेच्या गाड्या जवळच्या ल्युडेनशाइड गावाच्या गल्ल्यांतून वाट काढत होत्या. रेल्वेला तासाहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे 25 टक्के परत मिळतात, दोन तासांवर 50. वाहतूक कोंडीचे कोणी पैसे परत दिल्याचं ऐकिवात नाही.

तर गाडी केव्हा? क्लायंटचा कारखाना स्टेशनपासून तीस किलोमीटर शेतात असेल आणि बस दोन तासांनी एक असेल तेव्हा. चौघं असाल तेव्हा. आणि सोबत यंत्राचे सुटे भाग, मोजमापाची उपकरणं, नमुन्यांच्या पेट्या असतील तेव्हा तर नक्कीच. त्या पेट्या घेऊन बाझेलला जिने चढणाऱ्याची कीव येते. फक्त स्वित्झर्लंडला नेत असाल तर एक काम आधी करा. तो देश 2008 पासून शेंगेन या मोकळ्या सीमांच्या गटात आहे, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क संघात नाही. म्हणजे माणसाला सीमा जवळजवळ नाही, पेटीला आहे. उपकरणं तात्पुरती नेऊन परत आणायची असतील तर स्थानिक उद्योग-व्यापार मंडळाकडून, म्हणजे आयएचकेकडून, एटीए कार्नेट हा तात्पुरत्या मालाचा कस्टमचा कागद काढा. प्रत्येक वस्तू अनुक्रमांकासह त्यात लिहा आणि निघण्याआधी जर्मन कस्टमकडून ते उघडून घ्या. मग जाताना आणि येताना दोन्ही बाजूंचे शिक्के न चुकता मारून घ्या, कारण परतीचा शिक्का राहिला तर माल तिकडेच विकला असं धरून शुल्काची मागणी येऊ शकते. आणि शिक्का मारणारी खिडकी चोवीस तास उघडी असतेच असं नाही, तेव्हा तिची वेळ बघूनच घरून निघायचं ठरवा.