बर्फ नसलेल्या हिमयुगाविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

विस्कॉन्सिनमधील केटल मोरेन राज्यवनाच्या उत्तर विभागातील आमच्या एकदिवसीय सहलीला आपण एकच तारा दिला असून, "हिमयुगाच्या नावाखाली टेकाडे आणि डबकी दाखवली, बर्फाचा कण नाही, अर्धा तास खडीपाशी उभे केले, याहून सुंदर डोंगर लोणावळ्यात फुकट दिसतात, हे सगळे पर्यटकांसाठी रचलेले दिसते" असे लिहिले आहे. जेवणाची सोय, गाडीचे प्रवेशशुल्क आणि मोज्यांत विजारी खोचायला लावणे यांविषयीही आपली तक्रार आहे, आणि निम्मे पैसे परत मागितले आहेत. शिकागोहून दोन-अडीच तास गाडी चालवून आलेल्या कुटुंबाचा हिरमोड झाला असेल तर त्याची दखल घेणे माझे कामच आहे. परंतु हा अभिप्राय वाचून इतर मराठी कुटुंबांचा त्या भूप्रदेशाविषयीच गैरसमज होऊ नये, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बर्फ तिथे नाही, हे आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले आहे. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या प्रचंड हिमस्तराचे दोन फाटे, एक ग्रीन बेच्या बाजूचा आणि दुसरा मिशिगन सरोवराच्या खोलगट भागातला, या ठिकाणी एकमेकांना भिडले होते. दोहोंनी वाहून आणलेला दगडगोटा, वाळू आणि चिखल त्यांच्या मधल्या पट्ट्यात साचत गेला, आणि बर्फ वितळल्यावर 100 मैलांहून अधिक लांबीची ही टेकड्यांची रांग मागे उरली. आपण जिला टेकाडे म्हटले आहे, ती हीच. ही रांग हिमनदीने टाकलेल्या गाळाची, म्हणजे हिमोढाची आहे, हे टी. सी. चेंबरलिन या भूशास्त्रज्ञाने 1870च्या दशकातच दाखवून दिले होते, आणि उत्तर अमेरिकेतील हिमयुगाचा शेवटचा टप्पा आजही विस्कॉन्सिनच्याच नावाने ओळखला जातो. पर्यटकांसाठी कुणी काही रचले असेल, तर ते फार लवकर रचले म्हणायचे!

लोणावळ्याची तुलना मला पटत नाही, पण ती उपयोगाची आहे. सह्याद्री सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून घडला आणि पुढे पावसाने व नद्यांनी कोरला; त्या हिमस्तरांचा त्याला कधी स्पर्शही झाला नाही. त्यामुळे आपली नजर एका गोष्टीला सरावलेली असते: उतारावर पडलेले पाणी ओहोळाला, ओहोळ ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो. केटल मोरेनमध्ये नेमके हेच घडत नाही. ग्रीनबुशजवळच्या ज्या खोलगट खड्ड्याच्या काठावर आपण उभे होतात, त्यात चहूबाजूंनी पाणी उतरते, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. हिमस्तरापासून तुटलेला बर्फाचा मोठा तुकडा वाळू-खडीखाली गाडला गेला, सावकाश वितळला आणि वरची जमीन खाली बसली, असा हा खड्डा, म्हणजे केटल, तयार झाला. काही केटलांमध्ये पाणी साचून तळी किंवा दलदली झाल्या. त्यांना डबकी म्हणण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे.

डंडी गावाजवळची टेकडी चढताना आपण "दमछाक, आणि वर काहीच नाही" असे म्हणाल्याचे मार्गदर्शकाने सांगितले. ही टेकडी भोवतालच्या सपाटीपासून 200 फुटांहून अधिक उंच आहे आणि तिच्या पोटात खडक नाही. हिमस्तराला पडलेल्या उभ्या विवरातून वितळपाणी खाली कोसळत असे आणि सोबतची वाळू-खडी तळाशी टाकत असे; पोत्यातून ओतलेल्या जोंधळ्याची रास व्हावी तसा तिथे शंकू होत गेला. भोवतीचा बर्फ गेला, रास राहिली. भूशास्त्रज्ञ तिला केम म्हणतात. जवळच्या पार्नेल एस्करची गोष्ट तर मला याहून विलक्षण वाटते. बर्फाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या नदीचा तळ गाळाने भरत गेला, आणि बोगद्याच्या भिंती वितळल्यावर तो तळच नागमोडी बांधासारखा जमिनीच्या वर उरला. त्या बांधावरून चालणारा माणूस नदीच्या तळावरून चालत असतो, पण उंचावरून. हे गाडीच्या काचेतून दिसत नाही, म्हणून आम्ही चालवतो, आणि सावकाश चालवतो.

खडीपाशी घालवलेल्या अर्ध्या तासाविषयीही तेच. तिथे मार्गदर्शकाने आपल्या मुलांच्या हातात दोन दगड दिले होते. एक होता डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाचा गोटा, एका बाजूने घासून सपाट झालेला, आणि त्यावर नखाला जाणवतील असे समांतर ओरखडे. हिमस्तराच्या तळाशी अडकून तो खडकावर घासला गेला होता. दुसरा गुलाबी ग्रॅनाइटचा. या भागातला मूळ खडक 40 कोटी वर्षांहून जुना डोलोमाइट आहे, ग्रॅनाइट नव्हे. म्हणजे तो गुलाबी गोटा दूर उत्तरेकडून बर्फावाटे आलेला आहे. हिमयुगाचा याहून थेट पुरावा हातात धरता येईल असे मला वाटत नाही, आणि हा थांबा आम्ही कमी करणार नाही.

आपण ज्या पिवळ्या खुणांच्या वाटेने चाललात, ती सुमारे 1,200 मैलांची आइस एज नॅशनल सीनिक ट्रेल आहे. मिलवॉकीचे वकील रे झिल्मर यांनी 1958 साली तिच्यासाठी संस्था उभी केली, खासदार हेन्री रॉइस यांनी ती कल्पना वॉशिंग्टनमध्ये लावून धरली आणि 1980 साली तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. डंडीजवळच्या ज्या माहिती केंद्रात आपण "फक्त स्वच्छतागृहापुरते" थांबलात, त्याला रॉइस यांचेच नाव आहे. सगळी वाट अजून जोडली गेलेली नाही; मध्ये बऱ्याच ठिकाणी साध्या रस्त्यांवरून जावे लागते.

जेवणाविषयी: वनात हॉटेल नाही, म्हणून प्रत्येकाने डबा आणावा असे नोंदणीच्या पत्रात लिहिलेले असते. गाडीचे शुल्क राज्य सरकार घेते, ते परराज्यातील गाड्यांना अधिक आहे, आणि त्यातला एक सेंटही आमच्याकडे येत नाही. विजारी मोज्यांत खोचण्याचा आग्रह मात्र आमचाच आहे आणि तो राहील, कारण जूनमध्ये तिथल्या गवतात हरणांवरच्या बारीक गोचिड्या असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. फोटो चांगले येत नाहीत, हे मान्य आहे.

पैसे परत करणे मला योग्य वाटत नाही, कारण जे दाखवण्याचे आम्ही लिहून दिले होते ते सर्व दाखवले गेले. आपल्याला वाहती हिमनदी पाहायची असेल तर अलास्का किंवा कॅनडातील रॉकी पर्वताकडे जाणारे पुष्कळ व्यावसायिक आहेत, आणि मी मनापासून तिकडे जायला सांगेन. आणि हा अभिप्राय वाचून कुणी सहकुटुंब येण्याच्या विचारात असेल, तर लहान मुलांसाठी बटलर सरोवराची छोटी फेरी निवडावी, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, हरणांच्या बंदुकीच्या शिकारीच्या नऊ दिवसांत, भडक नारिंगी कपडे घातल्याशिवाय कोणत्याही वाटेवर पाऊल ठेवू नये. त्या दिवसांत आम्ही सहल ठेवत नाही.

आपला,
सहलीचा संचालक