‘मिळकतकर भरतो, मग कचऱ्याचे पैसे वेगळे कशाला?’

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. शब्द बदलतात, आशय तोच: आपण मिळकतकरात सफाईकर भरतोच, तरी घरोघरचा कचरा नेणाऱ्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या बायका दर महिन्याला दारात पैसे मागतात, आणि मध्येच दोन-दोन दिवस येतही नाहीत. वर भंगार विकून वेगळे कमावतात. सगळा एका एनजीओचा धंदा आहे. इंदूरने गाड्या लावून देशात पहिला नंबर काढला आणि आपण अजून ढकलगाडीवरच. तेव्हा करार रद्द करा, ठेकेदार नेमा. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागते.

आधी पैशांचं बघू. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुणेकराला कोपऱ्यावरची कचराकुंडी आठवत असेल, तिच्याभोवतीच्या कुत्र्यांसकट. तेव्हा घरातून कुंडीपर्यंतची वाहतूक आपण करायचो, किंवा आपली मोलकरीण. दारातून कचरा उचलणं ही नंतर आलेली सेवा आहे. तिचं शुल्क कचरा करणाऱ्याने द्यायचं, हे 2016च्या केंद्रीय घनकचरा नियमांत स्पष्ट लिहिलं. दर पालिकेच्या करारात ठरतो, दारात उभी असलेली बाई तो ठरवत नाही. आणि ज्या इंदूरचा दाखला देतात, तिथेही घराघरांतून कचराशुल्क घेतात. फॉरवर्डमध्ये तेवढंच नेमकं गळतं.

‘एनजीओचा धंदा’ हा आरोप तर इतिहास न वाचता केलेला. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि हमालांचे नेते बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. ‘चोरटे’ म्हणून हाकलल्या जाणाऱ्या या बायकांना पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली, ती याच संघटनेच्या रेट्यामुळे. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिने पालिकेशी करार केला. संस्थेच्या सभासद कचरावेचकच, आणि त्यात बहुसंख्य बायका. पालिका त्यांना पगार देत नाही. देखरेख, व्यवस्थापन, साधनं यांचा खर्च उचलते. ठेकेदार आला की गाड्या, डिझेल, चालक, लोडर आणि त्याचा नफा, सगळं कराच्या पैशातून. पैसे आपलेच जाणार, फक्त दारात कोणी मागणार नाही म्हणून ते दिसणार नाहीत.

आता भंगार. मला विचाराल तर सगळ्या वादाची मेख इथे आहे.

आपल्याकडे कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला पैसे मिळतात ते सहसा टनावर. जितकं वजन, तितकं बिल. ओला कचरा आणि पुठ्ठा एकत्र कोंबून नेला तरी त्याचं काही बिघडत नाही, उलट भिजलेला पुठ्ठा जास्त भरतो. ‘स्वच्छ’च्या सभासदाचं गणित बरोबर उलटं आहे. कचऱ्यातून जे बाहेर काढेल, कोरडं ठेवेल, नीट निवडेल, त्याचेच तिला पैसे. वर्गीकरण तिच्या पोटाशी बांधलेलं आहे. भंगारावरचा हक्क काढून घ्या, मग पुठ्ठा वेगळा काढायची गरज कोणाला उरेल?

कचरा निवडतात त्या एखाद्या शेडमध्ये जाऊन हे काम एकदा बघावं. पिशवी मुठीत चुरगाळून, तिच्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या चिवटपणावरून बाई ठरवते की ही कोणत्या ढिगात जाणार. दुधाची पिशवी वेगळी, कडक प्लास्टिक वेगळं, पाण्याची बाटली वेगळी आणि तिचं झाकण आणखी वेगळं. वेफरच्या चकचकीत पाकिटापाशी मात्र हात थांबतो. त्याला भंगारवाल्याकडे भाव नाही. ‘भंगारात मलई आहे’ म्हणणाऱ्याने ही पाकिटं वेचून पाहावीत. वेचलेल्या प्रत्येक किलोमागे डेपोकडे जाणारा कचरा तेवढा कमी होतो आणि वाहतुकीचा खर्चही वाचतो. हा डेपो ज्यांच्या उशाशी आला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी गावांच्या लोकांना पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध रस्त्यावर उतरावं लागलं, त्यांना याची किंमत समजावून सांगायला नको.

इंदूरचं यश खोटं नाही. गाडीतच वेगवेगळे कप्पे, प्रशासनाचा सतत पाठपुरावा, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा 2022 मध्ये सुरू झालेला रोज 550 टनांचा प्रकल्प. शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण गाडी पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीत पायऱ्या चढून जात नाही. ती खाली थांबते, भोंगा वाजवते आणि निघते.

एक मुद्दा मात्र चांगल्या मनाची माणसंही मांडतात: बायकांनी हाताने घाण उपसावी हेच अमानुष आहे, त्यांना यातून सोडवा. सोडवा, जरूर. पण करार रद्द झाल्यावर या बायकांच्या हातात नेमणूकपत्र पडणार आहे का? ठेकेदाराच्या गाडीवर चालक आणि मदतनीस बहुतेक पुरुषच असतात. बायका पुन्हा पोतं घेऊन रस्त्यावर येणार, शुल्काशिवाय आणि कराराचा आधार नसताना. त्यांच्या स्वतःच्या मागण्या फार साध्या आहेत: हातमोजे, साबण, ओला-सुका वेगळा, आणि डायपर-पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे हात लावण्याआधी ओळखता येईल. 2013 मध्ये त्यांनी वापरलेली पॅड सरळ कंपन्यांकडे परत पाठवली होती. नंतर 2016च्या नियमांनी उत्पादकांवर पाकिटासोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. तुमच्या घरात येणाऱ्या पाकिटात ती निघते का, बघा. आणि ज्यांना या बायकांची इतकी कणव येते त्यांनी आपल्या सोसायटीत त्यांना लिफ्ट वापरू देतात का, तेही विचारावं.

फॉरवर्डमधली एक तक्रार खरी आहे. बाई दोन-दोन दिवस येत नाही आणि बदलीला कोणी मिळत नाही, काही ठिकाणी पैशांची पावतीही मिळत नाही. यावर प्रभागाच्या समन्वयकाला धरायला हवं, क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार करायला हवी, आणि करारात बदलीच्या माणसांची तरतूद पक्की करून घ्यायला हवी. पालिकेनेही एक करावं. मागे कराराची मुदत संपल्यावर तात्पुरत्या मुदतवाढींवर काम रेटलं गेलं, तसं पुन्हा नको. उद्या काम राहील की नाही हेच ठाऊक नसेल, तर कोणती संस्था बदलीची माणसं तयार ठेवेल?

बाकी ठेकेदारच हवा असेल, तर निविदा निघेल तेव्हा ती उघडून दोन गोष्टी वाचा: पैसे टनावर आहेत की वर्गीकरणावर, आणि भंगार कोणाचं. मग अंगठा द्यायचा की नाही ते ठरवा.