अमेरिकेत गांजा ‘मोकळा’ झाला? फिरत्या निरोपाला मुद्देसूद उत्तर

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी १८ डिसेंबर २०२५ रोजी गांजाबद्दलच्या एका आदेशावर सही केली. तेव्हापासून एक निरोप मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्याकडे तो इथल्या न्यू जर्सीतल्या मित्रांकडून आला, पुण्यातल्या शाळासोबत्यांकडून आला आणि शेवटी साताऱ्याहून मावशीनेही पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेने गांजा कायदेशीर केला. आता तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर फार्मसीत मिळेल. गांजापायी आत असलेले सुटतील, जुने गुन्हे पुसले जातील. व्हिसावर असलेल्यांना आता भीती नाही. आणि अमेरिकेच्या दबावामुळे भारतात बंदी आली होती, त्यामुळे आपला कायदाही आता नावापुरताच उरला.

मी वाद घालत बसणारा माणूस नाही. पण एम.एस. करायला आलेल्या, ओळखीतल्या एका मुलाने हाच निरोप दाखवून मला विचारलं, ‘काका, आता चालतं ना?’ त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

भारताचं आधी उरकू

अमेरिकेचा आणि आंतरराष्ट्रीय कराराचा दबाव होता, हे खरं आहे. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताची सही आहे आणि १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे आपला अमली पदार्थविरोधी कायदा, त्याच वाटेने आला. पण तो कायदा आपल्या संसदेचा आहे. वॉशिंग्टनमध्ये कोणतीही यादी बदलली तरी त्यातला एक काना-मात्राही बदलत नाही. भांग त्यातून सुटते, कारण गांजाच्या व्याख्येतून पानं आणि बिया वगळल्या आहेत. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि त्यावर बंदी कायम आहे. २० किलोपेक्षा जास्त सापडला तर किमान १० वर्षांची कैद. इथल्या दुकानातल्या चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या गोळ्या गंमत म्हणून बॅगेत टाकून मुंबईला उतरणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. इथे पावती मिळाली म्हणून सहार विमानतळावर ती चालत नाही.

‘गांजा कायदेशीर झाला’

देशाच्या पातळीवर नाही झाला. काही राज्यांनी आपापल्या कायद्याने परवानगी दिली आहे, ती गोष्ट निराळी. अमेरिकेच्या १९७० च्या अमली पदार्थ कायद्यात पाच याद्या आहेत, म्हणजेच पाच शेड्यूल. पहिल्या यादीत असे पदार्थ, ज्यांचा औषध म्हणून मान्य उपयोग नाही आणि गैरवापराचा धोका मोठा. हेरॉइन तिथे आहे, एलएसडी तिथे आहे आणि १९७० पासून गांजाही तिथेच बसवला. कोकेन आणि फेंटानिल हे जीवघेणं ठरणारं वेदनाशामक मात्र दुसऱ्या यादीत. म्हणजे कायद्याच्या कागदावर अर्धशतकाहून अधिक काळ गांजा हा फेंटानिलपेक्षा कडक यादीत राहिला.

ट्रम्प यांच्या आदेशाने न्याय खात्याला सांगितलं की गांजा पहिल्या यादीतून तिसऱ्या यादीत नेण्याचं काम लवकर पुरं करा. तिसऱ्या यादीत काय आहे? केटामीन (भुलीचं औषध), अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड, कोडीन मिसळलेल्या काही गोळ्या. चिठ्ठीशिवाय केटामीन खिशात घेऊन फिरणारा माणूस अमेरिकेत गुन्हेगारच ठरतो. तिसरी यादी म्हणजे मोकळीक नव्हे. दारू आणि तंबाखू या पाचांपैकी एकाही यादीत नाहीत, मोकळीक म्हणतात ती तशी असते. म्हणूनच न्याय्य सुधारणा मागणारे लोक ‘यादी बदला’ यावर थांबत नाहीत, ‘यादीतून काढा’ म्हणतात.

आणि हे काम काही एका सहीने सुरू झालेलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायडन यांनी फेरविचाराचा आदेश दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्य खात्याने तिसऱ्या यादीची शिफारस केली. मे २०२४ मध्ये न्याय खात्याने नियमाचा मसुदा काढला, त्यावर जवळपास ४३,००० लोकांनी आपलं म्हणणं लिहून पाठवलं. जानेवारी २०२५ मध्ये व्हायची सुनावणी अडकून पडली. मग आला डिसेंबरचा आदेश.

इथे मला थोडं मागे जायचं आहे, कारण हा इतिहास वाचला की राग येतो. पहिल्या यादीतली ती जागा मुळात तात्पुरती होती. अभ्यास पुरा होईपर्यंत तिथे ठेवा, असं तेव्हाच्या आरोग्य खात्याचं म्हणणं होतं. अभ्यासासाठी आयोग बसला. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर रेमंड शेफर त्याचे अध्यक्ष, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे आणि त्यांनीच नेमलेले. १९७२ मध्ये त्या आयोगाने सांगितलं की स्वतःपुरता गांजा बाळगणं हा गुन्हा मानू नये. निक्सन यांनी अहवाल बाजूला सारला. त्याच वर्षी यादी बदलण्यासाठी पहिला अर्ज दाखल झाला. त्यावर १९८८ मध्ये अमली पदार्थ खात्याच्याच न्यायाधीशांनी, फ्रान्सिस यंग यांनी, गांजा दुसऱ्या यादीत न्यावा असा निर्णय दिला. पुढच्या वर्षी खात्याच्या प्रमुखांनी तो फेटाळला. ‘तात्पुरतं’ म्हणून ठेवलेली गोष्ट किती पिढ्या टिकते ते बघा.

‘फार्मसीत चिठ्ठीवर मिळेल’

यादी बदलली म्हणून कोणतीही वनस्पती औषध होत नाही. फार्मसीत विकायला एफडीए या औषध नियामक संस्थेची मंजुरी लागते, आणि ती एखाद्या ठरावीक औषधाला, ठरावीक मात्रेला, चाचण्यांनंतर मिळते. उदाहरण समोरच आहे. गांजातला मुख्य घटक प्रयोगशाळेत बनवून केलेलं मॅरिनॉल १९८५ मध्ये मंजूर झालं आणि १९९९ पासून ते तिसऱ्याच यादीत आहे. २०१८ मध्ये अपस्माराच्या काही गंभीर प्रकारांसाठी एपिडायोलेक्स आलं. ही खरी औषधं आहेत, फार्मसीत मिळतात. वाळवलेला फुलोरा त्यांच्या शेजारी मांडला जाणार नाही. राज्यांनी परवाना दिलेली दुकानं निराळी, त्यांचा फार्मसीशी संबंध नाही.

मग बदलतं काय?

बदलतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. संशोधन सोपं होतं. १९६८ पासून कितीतरी दशकं सरकारमान्य संशोधनासाठी गांजा एकट्या मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतातून यायचा. पहिल्या यादीतल्या पदार्थावर काम करायचं म्हणजे परवाने, तिजोऱ्या, तपासण्या. तिसऱ्या यादीत हे ओझं हलकं होतं. औषधी उपयोग आहे हे सरकारने मान्य करणं, हीही लहान गोष्ट नाही. आजारी माणसाला इतकी वर्षं खोटं ठरवलं गेलं होतं.

पण सर्वांत मोठा फायदा करात आहे. १९८२ पासून करकायद्यात एक कलम आहे, २८०ई. पहिल्या आणि दुसऱ्या यादीतल्या पदार्थांचा धंदा करणाऱ्याला भाडं, पगार, वीजबिल हे खर्च वजा करता येत नाहीत, फक्त मालाची किंमत वजा होते. समजा दुकानाने १०० डॉलरचा माल विकला, माल ५० ला पडला, भाडं-पगार ४०. हातात उरले १०. साध्या दुकानाला २१ टक्क्यांनी दोन डॉलर दहा सेंट कर. गांजाच्या दुकानाला मात्र ५० वर कर, म्हणजे साडेदहा डॉलर. नफ्यापेक्षा कर जास्त. तिसऱ्या यादीत हे कलम लागूच होत नाही. छोट्या दुकानदारासाठी हा जीव वाचवणारा बदल आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. मात्र यादीबदलाचा रोख हिशेब कोणाच्या वहीत जमा होतो, ते त्यावरून कळतं. धंद्याच्या वहीत. अटक झालेल्याच्या वहीत नाही.

‘तुरुंगातले सुटतील, गुन्हे पुसले जातील’

हा दावा सर्वांत जास्त दुखावतो, कारण वाट पाहणारी घरं आहेत.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्यात गांजाची किमान शिक्षा यादीवर ठरत नाही. ती गांजाचं नाव घेऊन, वजनावर आणि रोपांवर लिहिलेली आहे: विकण्यासाठीची १०० रोपं किंवा १०० किलो असेल तर किमान ५ वर्षं, १,००० रोपं किंवा १,००० किलो असेल तर किमान १० वर्षं. गांजा तिसऱ्या यादीत गेला तरी हे आकडे जागेवरच राहतात. ते फक्त काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, बदलू शकते.

किमान शिक्षा म्हणजे काय होऊ शकतं याचं एक उदाहरण सांगतो. वेल्डन अँजेलोस यांना २००४ मध्ये यूटामध्ये, तीन वेळा गांजा विकल्याबद्दल आणि त्या धंद्यात बंदूक बाळगल्याबद्दल ५५ वर्षांची शिक्षा झाली. ती देणारे न्यायाधीश पॉल कॅसल यांनीच या शिक्षेला अन्यायकारक, क्रूर आणि तर्कशून्यसुद्धा म्हटलं. पण कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते. अँजेलोस २०१६ मध्ये सुटले, डिसेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. आज ते इतरांच्या सुटकेसाठी झटतात. ते सुटले ते माणसांनी वर्षानुवर्षं केलेल्या खटपटीने.

बायडन यांच्या २०२२ च्या माफीबद्दलही गैरसमज आहे. ती नुसता गांजा बाळगल्याच्या फेडरल गुन्ह्यांना होती, सुमारे ६,५०० लोकांना लागू. तेवढ्याच कारणासाठी फेडरल तुरुंगात त्या वेळी एकही माणूस नव्हता. म्हणजे दार उघडलं आणि कोणीही बाहेर आलं नाही. विक्रीचे गुन्हे त्यात नव्हते, आणि अटका तर बहुतांशी राज्यांच्या कायद्याखाली होतात. तिथे राष्ट्राध्यक्षांची माफी पोचतच नाही.

आणि अटका कोणाच्या होतात? नागरी हक्क संघटना एसीएलयूच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे गांजा बाळगल्याबद्दल काळ्या माणसाला अटक होण्याची शक्यता गोऱ्या माणसाच्या ३.६४ पट आहे. ओढण्याचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच. २०१० ते २०१८ या काळात गांजासाठी ६१ लाखांवर अटका झाल्या. अशी एक नोंद नावावर असली की भाड्याचं घर नाकारलं जातं, नोकरीच्या अर्जावरचा जुन्या गुन्ह्यांचा रकाना दर वेळी भरावा लागतो.

नोंदी पुसल्या गेल्या त्या राज्यांनी पुसल्या, तेही लोकांनी रेटा लावल्यावर. इलिनॉयने २०२० च्या अखेरीस जवळपास पाच लाख अटकांच्या नोंदी पुसल्या. आमच्या न्यू जर्सीत २०२१ च्या कायद्यानंतर न्यायालयांनी ३,६०,००० वर प्रकरणं आपणहून पुसली, कोणाला अर्ज करावा लागला नाही. मेरीलँडच्या गव्हर्नरांनी २०२४ मध्ये १,७५,००० वर शिक्षा माफ केल्या. न्यू यॉर्कने करातला ४० टक्के वाटा, जिथे सर्वाधिक धरपकड झाली त्या वस्त्यांसाठी राखला आणि पहिल्या परवान्यांत गांजापायी शिक्षा झालेल्यांना प्राधान्य दिलं. अंमलबजावणी रखडली, भांडणं झाली, पण दिशा योग्य होती. यादीबदलात यातलं काहीही नाही.

‘व्हिसावाल्यांना आता भीती नाही’

निरोपातलं हे वाक्य मला धोकादायक वाटतं. बाकीची चुकीची आहेत, हे एखाद्या मुलाचं आयुष्य उलटंपालटं करू शकतं.

परदेशी माणसाला देशात घ्यायचं की बाहेर काढायचं हे फेडरल कायदा ठरवतो, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया नाही. तो कायदा ‘पहिल्या यादीतला पदार्थ’ असं म्हणत नाही. ‘नियंत्रित पदार्थ’ म्हणतो, आणि त्यात पाचही याद्या आल्या. तिसऱ्या यादीत गेलेला गांजा तितकाच आत. प्रवेश नाकारायला शिक्षा झालेली असावी लागते असंही नाही, गुन्ह्यात बसेल अशा कृत्याची कबुली पुरते. ‘कधी घेतलाय का?’ या अधिकाऱ्याच्या प्रश्नाला राज्यात कायदेशीर आहे म्हणून बेफिकीरपणे दिलेलं ‘हो’ महागात पडू शकतं.

स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत बाळगल्याच्या एका गुन्ह्याला हद्दपारीतून सूट आहे, हे अनेकांना ऐकून माहीत असतं. पण ती सूट हद्दपारीपुरती. ग्रीन कार्डवाला माणूस लग्नकार्याला भारतात जाऊन परत आला की त्याचा प्रवेशच नव्याने तपासला जाऊ शकतो, आणि तिथे ती सूट तशी लागू नाही. नागरिकत्वाचं म्हणाल तर इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्येच स्पष्ट केलं आहे की राज्याचा परवाना असलेल्या गांजाच्या धंद्यातली नोकरीसुद्धा ‘सच्चारित्र्या’च्या अटीआड येऊ शकते. बायडन यांची माफीही नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरतीच होती. विद्यार्थी आणि एच-१बीवाले त्यात नव्हते.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं: दुकानावर हिरवी पाटी आहे ती राज्याची आहे, तुझा व्हिसा फेडरल सरकारचा आहे. घेऊ नकोस, बाळगू नकोस, तिथे नोकरी धरू नकोस, फोनमध्ये फोटो ठेवू नकोस. आधीच काही घडलं असेल तर प्रवासाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. मी वकील नाही.

गांजा यादीतून पूर्ण काढणारं, जुन्या फेडरल नोंदी पुसणारं आणि परदेशी माणसालाही त्या कलमांतून सोडवणारं ‘मोअर अ‍ॅक्ट’ नावाचं एक विधेयक कनिष्ठ सभागृहाने डिसेंबर २०२० मध्ये आणि एप्रिल २०२२ मध्ये, असं दोनदा मंजूर केलं होतं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये पडून राहिलं. ज्यांच्याकडे इथलं मत आहे त्यांनी आपल्या सिनेटरला फोन करून त्याच विधेयकाबद्दल विचारावं. आणि मावशी, तो निरोप पुढे पाठवला असशील तर त्याच ग्रुपवर हेही पाठव.