ग्रेन बारीक तर धातू मजबूत? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. ग्रेन, म्हणजे धातूतले छोटे स्फटिक, बारीक तितका धातू मजबूत हे इंजिनिअरिंगला शिकवतात, आणि मी मात्र जेट इंजिनाच्या पात्यात एकही ग्रेन बाउंडरी, म्हणजे दोन ग्रेनमधली सीमा, नको म्हणतो. दुसरा, खरी करामत मिश्रधातूच्या रसायनाची. ओतकामाला मी नको तेवढं श्रेय दिलं.

शिकवलेला नियम बरोबर आहे, पण धातू थंड असेपर्यंतच. तेव्हा ग्रेन बाउंडरी डिसलोकेशनला, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतल्या सरकत्या दोषाला, अडवते. हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तीच बाउंडरी अणूंना पळायची मोकळी वाट होते. ताणाला आडव्या बाउंडरीवर बारीक पोकळ्या धरतात, एकमेकींना मिळतात आणि भेग पडते. बाउंडरीतून अणू सरकल्याने होणाऱ्या क्रीपचं, म्हणजे तापलेला धातू ताणाखाली सावकाश लांबत जाण्याचं, गणित तर फार कडक आहे: ग्रेन निम्मा केलात की वेग आठपट. म्हणूनच त्याच इंजिनातली डिस्क, जिच्यावर पाती बसवतात आणि जी पात्यापेक्षा बरीच थंड असते, ती मुद्दाम बारीक ग्रेनची घडवतात.

रसायनाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. १९६०च्या दशकात प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन कंपनीत फ्रँक व्हर्स्नायडर आणि सहकाऱ्यांनी मार-एम २०० हाच निकेल मिश्रधातू घेऊन फक्त गोठवण्याची दिशा आवरली. सिरॅमिकचा साचा पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या पाटावर ठेवायचा आणि भट्टीतून हळूहळू खाली ओढायचा. उष्णता एकाच दिशेने जाते, ग्रेन उभे वाढतात, आडव्या बाउंडरी जवळजवळ उरत नाहीत. रसायन तेच राहिलं आणि क्रीपमध्ये पातं जास्त टिकलं. पुढे साच्याच्या बुडाशी पिळाची अरुंद नळी आली. तिच्यातून एकच ग्रेन वर निसटतो आणि अख्खं पातं एका स्फटिकाचं होतं.

इथे तुमचं रसायन येतं, पण ओतकामाच्या मागून. बाउंडरीच नाही म्हटल्यावर तिला बळ देणारे कार्बन, बोरॉन, झिर्कोनियम जवळपास काढून टाकता आले. ही मूलद्रव्यं धातूला लवकर वितळायला लावत. ते गेल्यावर पातं जास्त तापवून गॅमा प्राइम, म्हणजे धातूला बळ देणारा बारीक कणांचा घटक, पूर्ण विरघळवता आला आणि पुन्हा बारीक, एकसारखा बसवता आला.

ऱ्हेनियम या जड धातूचा मुद्दा तुम्ही काढलात. तो क्रीप रोखतो, निर्विवाद. पण ऱ्हेनियम आणि टंगस्टन डेंड्राइटच्या, म्हणजे गोठताना झाडासारख्या फांद्या फुटत वाढणाऱ्या स्फटिकाच्या, गाभ्यात जमतात, मधला द्रव हलका होऊन वर चढतो, आणि पात्यावर बारीक ग्रेनची साखळी उमटते. तिला फ्रेकल म्हणतात. असं पातं नाकारलं जातं. साचा फार सावकाश ओढला किंवा तापमानाचा उतार मंद असला की फ्रेकल वाढतात. म्हणजे ऱ्हेनियम किती घालायचा हेही शेवटी भट्टीच ठरवते.