घरून कामाची परवानगी : मर्जी नको, लेखी नियम हवा

नमस्कार,

कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना आठवड्यातले काही दिवस घरून काम करू द्यावे, या माझ्या मतावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत : घरी बसले की माणसे कामचुकारपणा करतात, आणि नव्याने लागलेली मुले ऑफिसाबाहेर काही शिकत नाहीत. पहिला मला मान्य नाही. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी आणि बढत्या इतरांपेक्षा कमी भरल्या नाहीत, उलट नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. सिस्टिम बंद पडल्यावर अनुभवी सहकारी आधी कोणता लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेली नोंद, उघडतो, चिडलेल्या क्लायंटशी बोलताना काय कबूल करतो आणि काय टाळतो, हे शेजारच्या खुर्चीवर बसूनच कळते. प्रशिक्षणाच्या व्हिडिओत ते सापडत नाही. परंतु त्यासाठी शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी असावे लागते. पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कच्या फेज तीनमध्ये रोज हजर राहणाऱ्या मुलीचा टीम लीड बंगळुरूला असेल, उरलेली टीम खराडीत असेल आणि ती दिवसभर हेडफोन लावून त्यांच्याशीच कॉलवर बोलत असेल, तर वाकड आणि भूमकर चौकातली कोंडी पार करून ती नेमके काय शिकायला येते? शिकवणारा ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी शिकणाऱ्याला बोलावण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. नव्या मुलांसाठी सबंध टीमचे ऑफिसचे वार एकच ठेवावेत, आणि ते वरिष्ठांनीही पाळावेत.

माझी खरी तक्रार आणखी वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी ही सवलत मॅनेजरच्या मर्जीवर चालते. सकाळी "आज घरून करू का?" असा मेसेज टाकायचा, डबा आणि लॅपटॉप बॅगेत भरून ठेवायचा आणि उत्तराची वाट पाहत दारात उभे राहायचे, हे मी माझ्या जवळच्या माणसांना करताना पाहिले आहे. मॅनेजरशी ज्याचे जमते त्याला होकार मिळतो आणि ज्याला मागायचा संकोच वाटतो तो बसची रांग धरतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली खरी, पण कामाचे स्वरूप तसे असेल तर आणि मालक व ती स्त्री यांनी आपसांत ठरवलेल्या अटींवर. आता नुकत्याच बाळंत झालेल्या, अप्रेझल तोंडावर आलेल्या बाईने वाटाघाटी कोणत्या बळावर करायच्या?

घरून काम सक्तीचे असावे असे मात्र मी कुठेही म्हटलेले नाही. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील, तर ऑफिसचे टेबल हाच मोठा आधार असतो, आणि चाकणला यंत्रावर उभ्या असणाऱ्या कामगाराला हा पर्यायच नाही. म्हणूनच कोणत्या कामाला किती दिवस मुभा आहे हे कंपनीने पदानुसार लिहून ठेवावे, ते नोकरीवर घेतानाच सांगावे, आणि नकार द्यायचा झाल्यास त्याचे कारण लेखी द्यावे.