थर्मोस्टॅटचा अबोला

भिंतीवरचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान सांभाळणारी डबी, २० अंश मागत होता, खोलीत १५ होते, पडद्यावर ज्योतीचं चित्र दिमाखात पेटलेलं; आणि ज्याच्या गरम पाण्यावर खोल्यांतले रेडिएटर तापतात तो बॉयलर ढिम्म. दोघांचं बोलणंच बंद झालं होतं. नव्या बॅटऱ्या घातल्या, थर्मोस्टॅटचा बिनतारी निरोप ऐकून बॉयलर चालू-बंद करणाऱ्या, बॉयलरशेजारच्या रिसीव्हरशी पुन्हा पेअरिंग (जोडणी) केलं, हेल्पलाइनवरच्या बाईंनी सांगितलं म्हणून तेच सगळं परत केलं. निकाल: थर्मोस्टॅट बाद. रिसीव्हर ठणठणीत, पण जुन्या मॉडेलचा. नवा थर्मोस्टॅट त्याला ओळख देत नाही, म्हणून तोही बदला! एक चप्पल तुटली की जोड घ्यावा लागतो हे समजू शकतो, पण इथे दुसरीला साधा ओरखडा नव्हता.

नवा जोड येईपर्यंत रिसीव्हरवरच्या मॅन्युअल बटणावर संसार. गारठलात, उठा, दाबा. उकडलं, उठा, दाबा. वॉरन जॉन्सन नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने १८८३ मध्ये विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, ते का? तर तापमान बघायला शिपाई सारखा वर्गात घुसायचा आणि शिकवण्याचा विचका व्हायचा. जॉन्सनने त्याची वणवण थांबवली. त्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली, बिनपगारी.

आणि वर देखरेखीला मुक्कामी आलेले मामा.

नवा थर्मोस्टॅट बसवायला माणूस आला, तेव्हा मामांनी त्याच्या मागेच खुर्ची टाकली. "रेडिएटरच्या डोक्यावर लाव, म्हणजे याला ऊब मिळेल."

"ऊब तुम्हाला हवी ना? तिथे लावला तर याला वाटेल, खोली तापली."

"मग उन्हात?"

"नको."

"हट्टी आहे," मामा म्हणाले. थर्मोस्टॅट की तो माणूस, हे गुलदस्त्यात राहिलं.

बसला एकदाचा, आतल्या भिंतीवर, दीड मीटर उंचीवर. माणूस गेल्या गेल्या मामा म्हणाले, "तीस कर."

"मामा, तीस केलं तरी खोली तेवढ्याच वेगाने तापते. हा नुसता चालू-बंद करतो."

"अरे, वीस मागितलेस तर अठरा देईल. तीस माग, वीस पदरात पडतील."

मागणी फेटाळली गेल्यापासून मामा स्वतः तपासणी करतात. चष्मा कपाळावर सरकवून नाक पडद्याला टेकवायचं आणि घरभर ऐकू जाईल असं वाचायचं. "साडेएकोणीस... वीस... साडेवीस! चढतंय बघ!" चढणारच, मामांच्या श्वासावर. अर्धा अंश वर गेला की हा बॉयलर बंद करतो. टक्. रेडिएटर निवायला लागतात, मामा शाल घट्ट करतात, "परत बिघडला वाटतं" म्हणतात आणि तपासायला उठतात.

माहितीपुस्तिकेत ऊन, वाऱ्याचा झोत, दिवे, टीव्ही यांपासून दूर लावा, असं बजावलंय. मामांचा उल्लेख नाही.

खरं तर राग मामांवर नाहीच. चांगला चालता रिसीव्हर कचऱ्यात काढायला लावणाऱ्यांवर आहे. पूर्वीचा थर्मोस्टॅट भिंतीतल्या वायरीने जोडलेला असायचा. ना बॅटरी, ना पेअरिंग. वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी बघायचंही नाही. आता सोय वाढली, म्हणजे बिघडायच्या जागा वाढल्या, आणि बिल जोडीचं.

जुना थर्मोस्टॅट मात्र मामांनी टाकू दिला नाही. "त्यात घड्याळ आहे," म्हणाले आणि उशाशी नेऊन ठेवला. काल सहज पाहिलं, तर त्यावर तीस लावून ठेवलेत.